लाकूड-कोळशाची भट्टी: कोळसा घातला की पहाटे घर गार

उंबरठा

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या एका जुन्या घरात राहायला आलो. शेजार हाकेच्या अंतरावर नाही, गॅसची लाइन नाही, आणि वीज गेली की दिवसभर जाते. तळघरात बिडाची भट्टी आहे, लाकूड आणि दगडी कोळसा दोन्ही चालणारी. भट्टीभोवती पत्र्याचं कवच, त्यात हवा तापते आणि पंखा ती पत्र्याच्या नळांतून वरच्या खोल्यांत ढकलतो. वरचं दार इंधनाचं, खालचं राखेचं. दोन्ही दारांना हवेच्या झडपा.

लाकडाबद्दल तक्रार नाही. रात्री अकराला भरली की पहाटे पाचला निखारे असतात, दोन ढलप्या टाकल्या की पुन्हा पेट घेते. कोळशाने मात्र रडवलंय. मागच्या मालकाने कोपऱ्यात अँथ्रासाइटचा, म्हणजे कडक दगडी कोळशाचा, ढीग सोडलाय, म्हटलं कडाक्याच्या रात्री वापरू. लाकडाच्या निखाऱ्यांवर चार फावडी टाकतो, लाकडासारखीच वरची झडप उघडी आणि खालची बंद ठेवतो. दोन तासांत नुसता काळा ढीग. वरून सळईने ढोसलं की उरलासुरला जीवही जातो. पहाटे तीनला घर गार, आणि मग पांघरुणातून जे ऐकू येतं ते इथे लिहीत नाही.

परवा दुसराच एक कोळसा मिळाला, जरा मऊ, हाताला काळं लागणारा. म्हटलं हा तरी पेटेल. काठोकाठ भरला, दहा मिनिटांनी काय झालं बघायला दार उघडलं तर भप्पकन ज्वाळा बाहेर. अर्धी भुवई गेली.

भट्टी बिघडली आहे, चिमणी बिघडली आहे, की मी?

चिमणी_कावळा

तिसरा पर्याय लॉक करा.

(भुवई येईल परत. माझी आली.)

जुना_विस्तव

उंबरठा, भट्टी शाबूत दिसते. मी बावीस हिवाळे अशाच भट्टीवर काढलेत, पहिले दोन अगदी तुमच्यासारखे.

लाकडाला हवा वरून लागते. राखेच्या गादीवरसुद्धा लाकूड सुखाने जळतं. कोळशाला हवा खालून, जाळीतून, ढिगाच्या पोटातून वर यायला हवी. तुम्ही खालची झडप बंद करून वरची उघडलीत, म्हणजे कोळशाचं नाक दाबलंत आणि वर चिमणीत गार हवा सोडलीत. विझेल नाही तर काय?

आता क्रम सांगतो. आधी लाकडाची सणसणीत आग करा, सगळ्या झडपा उघड्या ठेवून. तळाला चांगले लाल निखारे झाले की कोळशाचा पातळ थर द्या आणि थांबा. कोळसा तडतडेल, मग त्यावर छोट्या निळ्या ज्योती नाचायला लागतील. त्या दिसल्याशिवाय दुसरा थर नाही. असं तीन-चार वेळा करत आतल्या विटांच्या काठापर्यंत भरा. पातळ थर धरत नाही, कोळशाला कोळशाचीच सोबत लागते. माझ्या भट्टीत सहा इंचांच्या खाली गेलं की आग रुसते. पूर्ण धरली की वरची झडप जवळजवळ बंद, आणि सगळा कारभार खालच्या झडपेवर.

सळई फेकून द्या. वरून ढोसलं की राख लाल भागात मिसळते, ती वितळून तिचे दगड होतात आणि ते जाळीत अडकतात. कोळसा हलवायचा तो खालून, जाळीचा दांडा हलवून. सकाळ-संध्याकाळ, आखूड आखूड झटके. राखेच्या पेटीत पहिले लाल ठिपके पडले की थांबायचं. जास्त हलवलं तर विस्तवच खाली येतो, कमी हलवलं तर राख हवा अडवते.

आणि राखेची पेटी रोज रिकामी करा. राख जाळीला टेकली की जाळीला खालून थंडावा देणारी हवा बंद होते आणि बिडाची जाळी वाकते. माझी वाकली होती.

शून्य_अंश

जुना_विस्तव यांनी कसं करायचं ते सांगितलं, मी का ते सांगतो, कारण एकदा ते डोक्यात बसलं की झडपा पाठ कराव्या लागत नाहीत.

वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो. लाकडाच्या ज्वाळा म्हणतो त्या या वायूच्या. तो लाकडाच्या वर जळतो, म्हणून हवा वर हवी. अँथ्रासाइटमध्ये असा उडून जाणारा भाग दहा टक्क्यांच्याही आत, बाकी बहुतेक घट्ट कार्बन. तो जागच्या जागी, पृष्ठभागावर जळतो. हवा त्याच्यापर्यंत पोचवावी लागते, म्हणून खालून.

तुमचा तो दुसरा मऊ कोळसा बहुधा बिट्युमिनस. त्यात वायूचा भाग बराच मोठा. तुम्ही त्याने निखारे पूर्ण झाकलेत. खालून तापून वायू निघत राहिला, पण त्याला पेटवायला वर ज्योत नव्हती. भट्टीत वायू साचला, दार उघडून तुम्ही हवा दिलीत, आणि झाकलेल्या निखाऱ्यांतल्या एखाद्याने काम केलं. पुढच्या वेळी भरताना एक कोपरा लाल उघडा ठेवा, म्हणजे निघणारा वायू लगेच पेटत जाईल. दार उघडतानाही आधी इंचभर फट, पाच-दहा सेकंद थांबायचं, तोंड बाजूला, मग पूर्ण.

जुना_विस्तव म्हणतात त्या निळ्या ज्योती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जळतोय. दिसायला छान. त्या विझल्या आणि खाली कोळसा मात्र लाल असला, तर तोच वायू न जळता चिमणीकडे निघालेला असतो. चिमणीकडे गेला तर ठीक.

ओसरी

"चिमणीकडे गेला तर ठीक" या वाक्यावर मी थांबते, कारण आमच्याकडे एकदा तो गेला नाही.

हिवाळा संपत आला होता. बाहेर पंधरा अंश, आग नको आणि हवीही अशी हवा. यांनी कोळसा राखेखाली दडपून, झडपा अगदी बारीक करून ठेवला. रात्री तीनला जिन्यातला गजर वाजायला लागला. धूर नाही, वास नाही, मुलं गाढ झोपलेली. मला वाटलं बॅटरी संपली. धाकट्याला उचलताना माझं डोकं ठणकत होतं, तेव्हा लक्षात आलं. सगळे होतो तसे बाहेर अंगणात, मग अग्निशमनवाल्यांना फोन. त्यांनी मोजलं, घर मोकळं केलं. भट्टीपासून चिमणीपर्यंतचा आडवा नळ उघडला तर निम्म्याहून जास्त करड्या राखेने भरलेला. अँथ्रासाइटची काजळी धरत नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. काजळी धरत नाही, पण बारीक राख उडते आणि आडव्या नळात बसते. तेव्हापासून तो नळ भर हिवाळ्यात दर महिन्याला उघडतो.

उंबरठा, तुमच्या पोस्टमध्ये गजराचा उल्लेख नाही. आहे ना?

उंबरठा

ताई, धुराचा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा नाही.

ओसरी

मग हा धागा बंद करा आणि आधी तो आणा. प्रत्येक मजल्यावर एक, झोपायच्या खोल्यांजवळ एक. मागे छापलेली मुदतही बघा, ही यंत्रं पाच ते दहा वर्षांत बाद होतात. आणि तोवर कोळसा नको.

जुना_विस्तव

+१. ओसरींचं आधी, माझं नंतर.

शून्य_अंश

गजर वाजला म्हणजे थोडासाच वायू असेल असं समजू नका. प्रचलित मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तो एक ते चार तासांत वाजतो, ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे वाजायला लागला तेव्हा तुम्ही आधीच काही वेळ तो श्वासात घेतलेला असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे खिडकी उघडून पुन्हा झोपणं हा उपाय नाही.

ओसरींच्या घरी उबदार रात्रीच हे का झालं तेही बघण्यासारखं आहे. चिमणी ओढते ती आतल्या-बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकावर. आठ मीटर उंच चिमणी, आत १५० अंश, बाहेर उणे १० असेल तर घर्षण न धरता ओढ साधारण ४० पास्कल (दाबाचं एकक) येते. तीच चिमणी आत ८० आणि बाहेर १५ अंशांना १८ च्या आसपास. निम्म्याहून कमी. त्यात नळ राखेने अर्धा बुजलेला. म्हणून कोळसा हे भर थंडीचं इंधन. थंडी ओसरली की लाकडाची छोटी, भगभगीत आग करावी आणि विझू द्यावी.

टाचणी

वाचून एक प्रामाणिक प्रश्न पडला. इतका जिवाशी खेळ करून कोळसा जाळायचाच कशाला? धूर, गंधक, पारा, सूक्ष्म कण. तुमच्या उबेची किंमत बाकीच्यांनी का मोजायची? हीट पंप लावा, भिंती भरा, विषय संपला.

तळघर

टाचणी, भिंतींचं शंभर टक्के खरं. वरच्या छताला जाड थर आणि दार-खिडक्यांच्या फटी बुजवल्यावर माझं लाकूड जवळजवळ एक तृतीयांश कमी लागलं, आणि हे मी भट्टीवर एक पैसा खर्च करायच्या आधी करायला हवं होतं. हीट पंपही बऱ्याच ठिकाणी उत्तम. पण धागाकर्ता म्हणतोय वीज दिवसभर जाते. उणे वीसमध्ये नळातलं पाणी गोठून नळ फुटतात, तेव्हा घरात विजेशिवाय पेटणारं काहीतरी लागतं.

टाचणी

तेवढ्यापुरतं मान्य. रोज कोळसा, हे नाही.

जुना_विस्तव

मीही वर्षाला तीन-चार आठवडेच कोळशावर जातो. बाकी लाकूड. आणि धूर म्हणाल तर ओलं लाकूड दडपून जाळणारा माणूस अँथ्रासाइटवाल्यापेक्षा जास्त धूर काढतो. अँथ्रासाइटला दिसण्याजोगा धूर जवळपास नसतो. बाकीचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही.

चिमणी_कावळा

ओल्या लाकडावरून आठवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तशी माझी पहिली दोन वर्षं गेली. लाकूड अंगणात, पाऊस अंगणात, मी भट्टीपुढे फुंकणी घेऊन. उंबरठा, तुमचं लाकूड कधीचं आहे?

उंबरठा

याच उन्हाळ्यात तोडलेलं ओक. फोडून रचलंय, वर ताडपत्री. वाजवलं तर खणखणीत वाटतं.

तळघर

तोडून सहा महिने झालेलं ओक म्हणजे अजून पाणीच. ओकला दोन वर्षं द्या. मऊ, हलकी लाकडं एका उन्हाळ्यात वाळतात. ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं छोटं यंत्र मिळतं, पण ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, तिथे नेहमी कोरडंच दाखवतं. ओंडका तिथल्या तिथे फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. २० टक्क्यांच्या आत असेल तर जाळा. ताडपत्री फक्त माथ्यावर हवी, बाजू वाऱ्याला उघड्या, आणि रास जमिनीपासून चार बोटं वर.

शून्य_अंश

इथे एक गैरसमज सगळीकडे दिसतो, की पाणी उडवण्यात सगळी उष्णता जाते. हिशोब करून बघा. दहा किलो ताजं लाकूड घ्या, त्यात पाच किलो पाणी. ते उडवायला साधारण १२ ते १३ मेगाज्यूल. उरलेल्या पाच किलो कोरड्या लाकडात ९० च्या आसपास. म्हणजे थेट तोटा सातवा हिस्सा. वाईट आहे, पण एवढ्याने घर गार पडत नाही.

खरा घोळ वेगळा आहे. पाणी उडत असताना लाकूड शंभर अंशांच्या फार वर जात नाही, भट्टीचं पोट गार राहतं, आणि लाकडातून निघालेला वायू पेटण्याइतका तापतच नाही. इंधनाचा अर्धाअधिक जीव त्या वायूत असतो. तो न जळता चिमणीत जातो आणि तिथे थंड होऊन डांबरासारखा चिकटतो. म्हणजे जळायला हवं होतं ते सरपण तुम्ही चिमणीच्या आतल्या भिंतीवर लिंपून ठेवलंत. पुढे एखाद्या दिवशी जोराची आग केली की तेच पेटतं.

जुना_विस्तव

चिमणी पेटल्याचा आवाज एकदा ऐकलाय. घरावरून मालगाडी गेल्यासारखा. आत हजार अंशांच्या वर जातं म्हणतात, नळ तर माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला होता. असं झालं तर सगळ्या झडपा बंद, माणसं बाहेर, फोन. वरून पाणी ओतायचं नाही, विटांची चिमणी तडकते. आणि आग विझली तरी चिमणी आतून तपासल्याशिवाय पुन्हा काडी लावायची नाही.

उंबरठा, तुम्ही ओलं ओक रात्रभर दडपून जाळताय. उद्याच चिमणी बघून घ्या. काजळी पाव इंच झाली असेल तर घासल्याशिवाय पेटवू नका. भुरभुरीत असेल तर ब्रशने निघते. काचेसारखी चकाकणारी असेल तर तुमचं-आमचं काम नाही, माहीतगाराला बोलवा.

तळघर

आडव्या नळावर ओढ मर्यादेत ठेवणारी, वजनाने आपोआप उघडणारी झडप आहे का? कोळशाला ती हवीच. वारा सुटला की चिमणी वाजवीपेक्षा जास्त ओढते आणि रात्रभराचा कोळसा चार तासांत खाक होतो. नळाला मापक लावून ओढ १० ते १५ पास्कलच्या दरम्यान ठेवा.

जुना_विस्तव

तळघर, इथे आपलं जमणार नाही. कोळशाला हो. पण हा माणूस लाकूडही जाळतो. लाकडाला ती झडप म्हणजे चिमणीत गार हवा, गार हवा म्हणजे डांबर, आणि चिमणी पेटली की तीच झडप सताड उघडून आगीला हवा पुरवते.

तळघर

आमच्या भट्टीच्या पुस्तिकेत दोन्हीला लावा असं छापलंय.

जुना_विस्तव

माझ्या पुस्तिकेत लाकडाला लावू नका असं छापलंय. म्हणून धागाकर्त्याने स्वतःच्या भट्टीची पुस्तिका शोधावी. मी लाकडावर असताना ती पत्र्याने झाकून स्क्रू मारतो, कोळशावर जाताना काढतो.

तळघर

हे चालेल. काढायला विसरलात तर?

जुना_विस्तव

एकदा विसरलो. जोरात वारा होता, घर तीस अंश. सगळे बनियनवर.

ओसरी

वीज गेल्यावर काय, ते कोणी बोललं नाही. पंखा थांबला की कवचातली हवा तिथेच तापत राहते. आम्ही सगळ्यात आधी खालची झडप पूर्ण बंद करतो, नळांच्या सगळ्या जाळ्या उघडतो आणि हवेची गाळणी काढून ठेवतो, म्हणजे गरम हवा आपसूक वर चढते. नवीन इंधन थोडं थोडंच. पंख्यापुरती बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतल्यापासून ही धावपळ गेली. भट्टीच्या पोटात पाणी मात्र कधीच नाही, तापलेलं बीड तडकतं आणि वाफ तोंडावर येते.

आणखी एक. स्वयंपाकघरातला मोठा धूर-पंखा लावला आणि घर फटी बुजवून घट्ट केलेलं असलं की तो चिमणीतूनच हवा खेचतो, धूर उलटा घरात. भट्टीजवळ बाहेरची हवा आणणारा वेगळा नळ असावा.

तळघर

पाण्याची भट्टी असलेल्यांसाठी थोडं अवांतर. माझी तशी आहे, सोबत हजार लिटरची टाकी. टाकीतलं पाणी ३५ वरून ८५ अंशांवर नेलं की त्यात साधारण ५८ युनिट उष्णता साठते. त्याला वीसेक किलो कोरडं लाकूड पुरतं. त्यामुळे आग रात्रभर धुमसत ठेवावी लागत नाही. संध्याकाळी दोन-तीन तास सगळ्या झडपा उघडून जोरात जाळायचं, विझू द्यायचं, रात्रभर टाकी घर तापवते. चिमणी जवळजवळ कोरी राहते. दाब सोडणारी झडप मात्र दर वर्षी तपासायची, तिथे कंजुषी केली तर घरात बॉम्ब आहे.

चिमणी_कावळा

राखेचं काय करता सगळे? लाकडाची मी बागेत टाकतो, बेताने.

ओसरी

लाकडाची बागेत ठीक, मातीचा आंबटपणा कमी करते. कोळशाची भाजीच्या वाफ्यात अजिबात नको, तिच्यात आर्सेनिक आणि जड धातू असतात. आणि कोळशाची राख भरपूर निघते. लाकडाची शंभर किलोला किलोभर, अँथ्रासाइटची दहाच्या आसपास. झाकणाच्या लोखंडी डब्यात, घराबाहेर, दगडावर. लाकडी ओसरीवर नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत तीन-चार दिवसांनीही निखारा असतो. माझं सदस्यनाम "ओसरी" का आहे ते विचारू नका.

उंबरठा

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफी.

गजर आणले, तीन. चिमणी तपासली. काजळी पाव इंचाहून जास्त होती, नशीब भुरभुरीत. आडव्या नळातून घमेलंभर राख आणि एक मेलेला पक्षी निघाला (कावळा नव्हता, चिमणीही नव्हती). नवीन ओक दोन वर्षांसाठी मागे लावलं, जुनं वाळलेलं लाकूड मिळवलं. यंत्र १७ टक्के दाखवतं. मऊ कोळसा ज्याच्याकडून आणला त्याला परत.

मग परवा, बाहेर उणे १४ असताना, अँथ्रासाइट पुन्हा. थर, थांबा, थर, थांबा. चौथ्या थराला सगळीकडे निळ्या ज्योती. रात्री दहाला वरची झडप बोटभर, खालची पाव ठेवून झोपलो. झोपलो म्हणजे काय, दर तासाला खाली जाऊन पाहत होतो. सकाळी नऊला दांडा हलवला तर पेटीत लाल ठिपके पडले. अकरा तास. सळई येत्या उन्हाळ्यातल्या टोमॅटोच्या वेलासाठी राखून ठेवली आहे.

एकच राहिलं. दांडा डावीकडे जातो पण उजवीकडे मध्येच अडतो. जोर करावा का?

जुना_विस्तव

अजिबात करू नका. जाळीत दगड अडकलाय. भट्टी पूर्ण गार होऊ द्या, राखेच्या दारातून टॉर्च मारून बघा आणि खालून आकड्याने काढा. जोर केला तर दांड्याची खीळ तुटते. माझ्याकडे तुटलेल्या दोन आहेत, हव्या तर फोटो टाकतो.

चिमणी_कावळा

फोटो टाकाच. आणि उंबरठा, तुमच्या भुवईचाही.